शनिवार सकाळची धांव

इंग्लंडमध्यें शनिवारीं सकाळीं नऊच्या सुमारास एखाद्या सार्वजनिक उद्यानांतून जाणाऱ्या परक्या माणसास एक चमत्कारिक देखावा दिसण्याचा संभव असतो. शेंदोनशें माणसें गवतावर घोळका करून उभीं असतात. त्यांत सडपातळ, सराईत धांवपटू असतात. तसेच पोट सुटलेले गृहस्थ, बाळाची ढकलगाडी घेऊन आलेल्या आया, सत्तरी उलटलेल्या आजीबाई, शाळकरी मुलें आणि आखूड दोरीनें धरलेलीं कुत्रींहि असतात. प्रवेशाचें तिकीट कोठें विकत मिळत नाहीं, छातीवर क्रमांकाचा कागद कोणी लावलेला नसतो, आणि शेवटीं पेला किंवा पदकहि मिळावयाचें नसतें. भडक रंगाचें जाकीट घातलेली एक व्यक्ति चार सूचना सांगते, आणि तिनें इशारा देतांच हा सारा समुदाय धांवूं, अथवा चालूं, लागतो. पांच किलोमीटर, म्हणजे तीन मैलांहून किंचित् अधिक, अंतर तोडून मंडळी परत येतात; दहा-साडेदहाच्या आंत निशाणें व दोऱ्या गुंडाळल्या जातात आणि उद्यान पुन्हां पूर्ववत् होतें. पुढच्या शनिवारीं तीच जागा, तीच वेळ, तेंच अंतर.

या उपक्रमास ‘पार्करन’ असें म्हणतात. वीसाहून अधिक देशांत, दोन हजारांहून अधिक ठिकाणीं तो आज चालतो. त्यांत भाग घेण्यासाठीं कोणासहि, केव्हांहि, एक पैसाहि द्यावा लागत नाहीं. फुकट मिळालेल्या वस्तूचें मोल राहत नाहीं, आणि फुकट चालविलेलें काम फार दिवस चालत नाहीं, अशी व्यवहारी माणसांची समजूत असते. वीस वर्षें उलटूनहि टिकलेला हा उपक्रम त्या समजुतीस अपवाद होय. मात्र हा अपवाद आपोआप घडलेला नाहीं. फुकटपणा टिकविण्यासाठीं किती योजना व किती हट्ट लागतो, हें पाहण्याजोगें आहे.

लंडनच्या नैर्ऋत्येस, हॅम्प्टन कोर्टच्या जुन्या राजवाड्याला लागूनच, बुशी पार्क नांवाचें सुमारें अकराशें एकरांचें राजोद्यान आहे. चेस्टनट वृक्षांच्या दुतर्फा रांगा आणि मोकळे हिंडणारे हरणांचे कळप यांसाठीं तें प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धांत सेनापति आयसेनहॉवर यांच्या मुख्य कचेरीचा तळ येथेंच होता, आणि १९४४ सालच्या नॉर्मंडीवरील स्वारीची पुष्कळशी आंखणी याच झाडांच्या आश्रयानें झाली. त्या उद्यानांत २ ऑक्टोबर २००४ रोजीं तेरा धांवपटू व पांच मदतनीस जमले, तेव्हां कोणास कांहीं इतिहास घडतो आहे असें वाटण्याचें कारण नव्हतें. त्यांना जमविणारे गृहस्थ पॉल सिंटन-ह्यूइट हे जन्मभर धांवण्याचे शौकीन. परंतु त्या काळांत दुखापतीमुळें त्यांचें धांवणें बंद पडलें होतें, आणि त्यांतच नोकरीहि सुटली होती. मित्रमंडळींपासून दुरावा पडूं नये म्हणून आपण स्वतः घड्याळ घेऊन उभें राहावें, मित्रांनीं धांवावें, आणि मग सर्वांनीं मिळून कॉफी घ्यावी, एवढाच त्यांचा हेतु होता. लोखंडी सामानाच्या दुकानांतून आणलेल्या वॉशरांवर अंक ठोकून त्यांनीं क्रमांकाच्या चकत्या तयार केल्या. नांव ठेवलें तेंहि साधेंच: ‘बुशी पार्क टाइम ट्रायल’.

दोन वर्षांहून अधिक काळ हा प्रकार त्या एकाच उद्यानांत चालला. जानेवारी २००७ मध्यें विंबल्डन कॉमन या माळावर दुसरी धांव सुरू झाली, आणि मग मात्र गांवोगांवच्या लोकांनीं ही कल्पना उचलली. २०११ सालीं ती ऑस्ट्रेलियांत, पोलंडांत व दक्षिण आफ्रिकेंत पोंचली. दक्षिण आफ्रिकेंत तिची सुरुवात जोहान्सबर्गच्या डेल्टा पार्कमध्यें ब्रूस फोर्डाइस यांनीं केली. ‘कॉम्रेड्स’ ही सुमारें नव्वद किलोमीटरांची शर्यत नऊ वेळां जिंकलेला हा पुरुष. त्यानें पांच किलोमीटर रमतगमत चालणाऱ्यांसाठीं खपावें, यांत या उपक्रमाचें मर्म दिसतें. बुशी पार्कमध्यें आतां एका शनिवारीं हजारांहून अधिक माणसें येतात.

एवढ्या माणसांचा वेळ पैसे न खर्चितां कसा मोजावयाचा, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचें उत्तर मोठें सुटसुटीत आहे. धांवणाऱ्यानें आयुष्यांत एकदांच आपलें नांव नोंदवावयाचें. त्यास एक क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाचा बारकोड, म्हणजे दुकानांतील मालावर असतो तसा काळ्या रेघांचा ठसा, मिळतो. तो कागदावर छापून किंवा मोबाइलवर घेऊन यावयाचें. शेवटच्या रेषेवर घड्याळवाला मदतनीस प्रत्येक माणूस रेषा ओलांडतांच कळ दाबतो. तो माणूस कोण, हें घड्याळवाल्यास ठाऊक नसतें, आणि ठाऊक असण्याची गरजहि नाहीं. त्याच्या यादींत पहिला, दुसरा, तिसरा असे नुसते क्रम व त्यांचे वेळ असतात. रेषेपलीकडे दोऱ्या बांधून एक निमुळती गल्ली केलेली असते. तींतून माणसें आलेल्या क्रमानेंच पुढें सरकतात, आणि गल्लीच्या तोंडाशीं उभा असलेला दुसरा मदतनीस प्रत्येकाच्या हातीं क्रमांकाची चकती देतो. ही चकती आणि स्वतःचा बारकोड घेऊन तिसऱ्या मदतनीसाकडे जावयाचें. तो दोन्ही ठसे यंत्रानें वाचून घेतो. म्हणजे एका यादींत क्रम व वेळ, दुसऱ्या यादींत क्रम व माणूस. दोन्ही याद्या जुळविल्या कीं कोणाला किती वेळ लागला तें निघतें, आणि दुपारपर्यंत ज्याचा त्याला निकाल कळतो. धनवंत शर्यतींत प्रत्येकाच्या बुटाला जें महागडें यंत्र बांधतात, त्याचें काम येथें तीन माणसें व पिशवीभर चकत्या करतात.

अर्थात् या पद्धतींत एक नाजूक जागा आहे. रेषा ओलांडलेला एखादा मनुष्य गल्लींतून न जातां बाजूनें निसटला, तर त्याची चकती त्याच्या मागच्याच्या हातीं पडते, आणि तेथून पुढें प्रत्येकास आपल्या पुढच्याचा वेळ मिळत जातो. एका माणसाच्या हलगर्जीपणानें शंभरांचा हिशेब चुकतो. चकती खिशांत राहून घरीं गेली तर पुढच्या आठवड्यास ती कमी भरते. म्हणून सुरुवातीच्या सूचनांत या दोन गोष्टी दर शनिवारीं न चुकतां बजावल्या जातात. तिसरा नियम अधिक कडक आहे: बारकोड नाहीं तर वेळ नाहीं. पाटी घरीं विसरलेल्या मुलाच्या सबबी जशा अनंत, तशा या बाबतींतहि असतात. पण सवलत दिल्यास नांवें हातानें लिहून घेण्याचें काम फुकट राबणाऱ्या माणसांच्या डोक्यावर पडेल, म्हणून ती कोणासहि मिळत नाहीं. विनावेतन चालणाऱ्या कामांत शिस्त सैल असावी असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक तेथेंच ती अधिक लागते.

मदतनीस कोठून येतात? ते धांवणाऱ्यांतूनच येतात. दर आठवड्यास घड्याळ, चकत्या, बारकोड, वळणावळणावर उभे राहून वाट दाखविणें, सामान लावणें व आवरणें यांसाठीं मोठ्या ठिकाणीं वीसतीस माणसें लागतात. सक्ती कोणावर नाहीं. परंतु नेहमीं येणाऱ्यानें वर्षांतून दोनतीनदां तरी धांवणें सोडून जाकीट चढवावें अशी अपेक्षा असते. धांवांची जशी गणती ठेवतात, तशीच मदतीच्या पाळ्यांचीहि ठेवतात, आणि पन्नास, शंभर, अडीचशें अशा टप्प्यांना दोहोंचें सारखेंच कौतुक होतें. कित्येकांनीं गुडघे थकल्यावर धांवणें कायमचें सोडलें आहे, पण शनिवार सोडलेला नाहीं.

या मदतनीसांत सर्वांत शहाणी योजना शेवटून चालणाऱ्याची होय. एक मदतनीस मुद्दाम सर्वांच्या मागून चालतो व सर्वांत शेवटीं रेषा ओलांडतो. त्यामुळें वाटेंत कोणी मागें राहिलें नाहीं याची खात्री होते, हा एक उपयोग. दुसरा त्याहून मोठा आहे. धांवण्यास नवीन येणाऱ्या माणसास दमण्याची भीति नसते; त्यास भीति असते ती सर्वांदेखत शेवटचा येण्याची. येथें शेवटचा नंबर आधींच दुसऱ्यानें घेतलेला असतो. शाळेच्या क्रीडासंमेलनांत ज्यांना एकदां हसूं ऐकावें लागलें आणि पुन्हां त्यांनीं मैदानांत पाऊल टाकलें नाहीं, अशा माणसांची संख्या थोडी नाहीं. त्यांच्यासाठीं या एका युक्तीनें जें केलें तें उपदेशानें झालें नसतें.

निकालांत आणखी एक आंकडा दिलेला असतो, तो वयाचा विचार करून काढलेला. त्या वयाच्या पुरुषासाठीं किंवा स्त्रीसाठीं जगांतील उत्तमांत उत्तम म्हणून जो वेळ प्रमाण धरला आहे, त्याच्याशीं आपला वेळ ताडून तो शेंकडेवारींत सांगतात. समजा, एखाद्या वयाला वीस मिनिटें हें प्रमाण असलें आणि त्या वयाच्या बाईंनीं चाळीस मिनिटें घेतलीं, तर त्यांना शेंकडा पन्नास गुण. या हिशेबानें पंचाहत्तर वर्षांचा म्हातारा पंचविशींतल्या तरुणाच्या कितीतरी मागून येऊनहि त्याला सहज मागें टाकूं शकतो, आणि नाश्त्याच्या टेबलावर तसें बोलूनहि दाखवितो.

पण या उपक्रमाची खरी गोडी, त्यांत मुरलेल्या मंडळींच्या मतें, निरनिराळ्या उद्यानांत जाऊन धांवण्यांत आहे. नोंदणी एकदांच व बारकोड एकच असल्यामुळें कोणीहि कोणत्याहि गांवीं, पूर्वसूचना न देतां, जाऊन उभें राहावें. निकाल त्याच्याच खात्यावर पडतो. अंतर सर्वत्र पांच किलोमीटर असलें तरी वाट मात्र एकीसारखी दुसरी नाहीं. बुशी पार्कची वाट सपाट. कॉर्नवॉलमधील लॅनहायड्रॉक येथील वाट जुन्या जहागिरीच्या राईंतून उतरते आणि मग तितकीच निर्दयपणें चढते. उत्तर आयर्लंडांत पोर्टरश येथें समुद्रकांठच्या वाळूवरून धांवावें लागतें. कंब्रियामधील व्हिनलॅटरला डोंगरांतलें अरण्य. लहान उद्यानांत तीनतीन फेऱ्या घालाव्या लागतात, आणि त्या मोजतांना सुशिक्षित माणसेंहि चुकतात. वेळाहि देशपरत्वें बदलतात: स्कॉटलंडांत साडेनऊ, दक्षिण आफ्रिकेंत आठ, तर ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतांत उन्हाच्या भयानें सात.

या फिरस्त्यांचे छंदहि पाहण्यासारखे असतात. कोणी शंभर निरनिराळीं ठिकाणें पुरीं करावयाचा नेम धरतो. कोणी इंग्रजी वर्णमालेंतील प्रत्येक अक्षरानें सुरू होणारें एकेक ठिकाण गांठण्याच्या मागें असतो. ‘एक्स’ अक्षराचें ठिकाण सांपडत नाहीं, म्हणून तें सर्वांस माफ असतें. ‘झेड’साठीं मात्र लोक समुद्र ओलांडतात. बाहेरून कुणी आलें आहे का, असें सुरुवातीस विचारण्याची रीत आहे. हात वर करून गांवाचें नांव सांगितलें कीं टाळ्या पडतात. या निमित्तानें जीं गांवें कोणत्याहि प्रवासवर्णनांत येत नाहींत तींहि लोकांच्या पायांखालून जातात, आणि तेथील चहाच्या दुकानांत शनिवारीं सकाळीं बसावयास जागा उरत नाहीं.

ही शर्यत आहे कीं नाहीं, याविषयीं मात्र मंडळींत एकमत नाहीं. चालक म्हणतात, नाहीं. जसजशीं वर्षें गेलीं तसतसा भाग घेणाऱ्यांचा सरासरी वेळ वाढत गेला, म्हणजे मंडळी अधिकाधिक सावकाश झाली. याला चालक अधोगति न मानतां यश मानतात, कारण जीं माणसें पूर्वी घराबाहेर पडत नव्हतीं तीं आतां येऊं लागलीं असा त्याचा अर्थ. फेब्रुवारी २०२४ मध्यें त्यांनीं प्रत्येक ठिकाणच्या उच्चांकांच्या व सर्वांत वेगवान धांवपटूंच्या याद्या प्रसिद्ध करणें बंद केलें. नवख्यांनीं त्या पाहून बिचकूं नये हें कारण सांगितलें. त्यावर मोठें वादळ उठलें, आणि पुष्कळांनीं निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. त्यांचेंहि म्हणणें निराधार नव्हतें. वर्षानुवर्षें पहाटे उठून कमावलेला उच्चांक एका रात्रींत दिसेनासा व्हावा, हें कोणास रुचेल? नवख्यास धीर द्यावयाचा म्हणून सराइताचें श्रेय झांकलेंच पाहिजे असें नाहीं. परंतु याद्या गेल्या त्या गेल्या, आणि रागावलेल्यांपैकीं बहुतेक पुढच्या शनिवारीं पुन्हां रेषेवर हजर होते असें दिसतें.

वैद्यांचें लक्षहि इकडे वळलें आहे. जून २०१८ मध्यें ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्स या डॉक्टरांच्या संस्थेनें पार्करनशीं सहकार्य जाहीर केलें. दवाखान्यांनीं जवळच्या उद्यानाशीं संबंध जोडून रोग्यांना, आणि आपल्या नोकरमंडळींनाहि, तेथें पाठवावें अशी ती योजना. रक्तदाब, मधुमेह, उदासीनता या विकारांत नियमित व्यायामाचा गुण डॉक्टर नेहमींच सांगतात, पण ‘व्यायाम करा’ या दोन शब्दांच्या पुढें पत्ता व वेळ नसते. येथें ती असते. नोव्हेंबर २०१७ मध्यें तर कंब्रियांतील हॅव्हरिग तुरुंगाच्या आवारांत बंदी व तुरुंगाचे कर्मचारी यांची धांव सुरू झाली. तुरुंगाबाहेर पडलेल्या माणसास तोच बारकोड आपल्या गांवच्या उद्यानांत चालतो, ही गोष्ट किती मोलाची आहे हें सांगावयास नको.

आतां पैशाचा प्रश्न. ब्रिस्टलजवळ स्टोक गिफर्ड नांवाची वस्ती आहे. तेथील लिटल स्टोक पार्कमध्यें दर शनिवारीं सुमारें तीनशें माणसें धांवत. एप्रिल २०१६ मध्यें तेथील ग्रामसभेनें, म्हणजे पॅरिश कौन्सिलनें, सहा विरुद्ध चार मतांनीं ठराव केला कीं प्रत्येक धांवणाऱ्याकडून एक पौंड घ्यावा. कौन्सिलचें म्हणणें सरळ होतें. एवढ्या पायांनीं वाटा झिजतात, मोटारी उभ्या करण्याची जागा भरून जाते, फुटबॉलचे संघ मैदानाचें भाडें भरतात. मग जे रहिवासी धांवत नाहींत त्यांच्या करांतून हा खर्च कां व्हावा? केवळ हिशेबाच्या दृष्टीनें पाहिलें तर यांत अन्याय्य असें कांहीं नाहीं. एक पौंड ही रक्कमहि तेथील मानानें क्षुल्लक. एका कॉफीहून कमी.

चालकांनीं तो पौंड देण्याचें नाकारलें, आणि लिटल स्टोकची धांव बंद केली. देशभर त्याची चर्चा झाली. कौन्सिलवर टीका झाली, तशी चालकांच्या हट्टावरहि झाली. पण तो हट्ट समजून घेण्याजोगा आहे. पौंड घ्यावयाचा म्हटल्यास तो गोळा करणारा हवा, न देणाऱ्यास अडविणारा हवा, हिशेब तपासणारा हवा. धांवणारा मनुष्य मग गिऱ्हाईक होतो, आणि गिऱ्हाइकानें दुसऱ्या आठवड्यास फुकट जाकीट घालून पावसांत उभें कां राहावें? शिवाय एका ठिकाणीं दिलेला पौंड दुसऱ्या ठिकाणीं नाकारतां येत नाहीं. ज्या बाईस चार मुलें घेऊन यावयाचें तिला तो पांच पौंड होतो, आणि नेमकी तीच यावी म्हणून सारा खटाटोप. उद्यान हें करांतून राखलेलें असतें व त्यांत चालण्याचा कर कोणी घेत नाहीं. तीनशें माणसें एकाच वेळीं चाललीं म्हणून तो लागू व्हावा काय, असाहि मुद्दा होता. २०१७ सालीं सरकारनें अशा विनामूल्य धांवांवर आकार बसविण्यास कौन्सिलांना कायद्यानें बंदी करण्याचा विचार जाहीर केला. उलटपक्षीं, अनेक ठिकाणीं नवी धांव सुरू करतांना लागणारा आरंभींचा खर्च स्थानिक कौन्सिलेंच देतात. लोक निरोगी राहिले तर दवाखान्याचा खर्च वांचतो, असा त्यांचा हिशेब असतो. वाटा झिजतात ही तक्रार मात्र खोटी नव्हे, आणि जेथें ती सामोपचारानें मिटली आहे तेथें बहुधा पावसाळी दिवसांत मार्ग बदलून ती मिटली आहे. संस्थेचा मध्यवर्ती खर्च देणगीदार कंपन्या, देणग्या व टप्प्याटप्प्यांच्या सदऱ्यांची विक्री यांतून भागतो.

मार्च २०२० मध्यें कोविडच्या सांथीमुळें ब्रिटनमधील सर्व धांवा थांबल्या. इंग्लंडांत त्या पुन्हां सुरू झाल्या त्या २४ जुलै २०२१ रोजीं, सुमारें सोळा महिन्यांनीं. मधल्या काळांत पुष्कळांनीं एकट्यानें तेवढेंच अंतर तोडून पाहिलें, व तें कंटाळवाणें आहे हा शोध त्यांस लागला.

आपल्याकडील कित्येक आईबाप मुलामुलींच्या संसारांत कांहीं महिने राहावयास इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला जातात. घरांतलीं माणसें कामावर गेल्यावर दिवस कसा घालवावा ही त्यांची नित्याची तक्रार असते. त्यांनीं येथूनच नांव नोंदवून बारकोडाचा कागद बरोबर नेल्यास शनिवारची तरी सोय होते. धांवलेंच पाहिजे असें नाहीं. सबंध वाट चालत जाणारे पुष्कळ असतात. अकरा वर्षांखालील नातवंड बरोबर असल्यास तें हाताच्या अंतरावर ठेवावें लागतें. चार ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीं कित्येक ठिकाणीं रविवारीं दोन किलोमीटरांची निराळी धांव असते. नवख्यांना सूचना वेगळ्या बाजूला घेऊन देतात, म्हणून पहिल्या दिवशीं पंधरा मिनिटें आधीं पोंचावें. जाड तळव्याचे बूट घालावेत, कारण तिकडील गवत सकाळीं ओलें असतें. आणि चकती घरीं आणूं नये.